मुकुट देणारा हात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आयुष्यभर शाळेत शिकवले आणि शिस्त लावताना कधी कधी आवाज चढतो, हे मला ठाऊक आहे. गेल्या नोव्हेंबरात थायलंडमधील मिस युनिव्हर्स स्पर्धेत आयोजकाने मेक्सिकोच्या स्पर्धकाला सर्वांदेखत खडसावले, म्हणून कितीतरी मुली सभागृह सोडून गेल्या. स्वखुशीने स्पर्धेत उतरायचे, करारावर सही करायची आणि मग आयोजकाचे ऐकायचे नाही, हा उद्धटपणा नव्हे का? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : आपल्या प्रश्नातील शाळेची उपमा मला उपयोगी वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. विद्यार्थिनी चुकली तर शिक्षिका तिला रागावतात. पण शाळेच्या गच्चीवर उभे करून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा रीतीने रागावत नाहीत, आणि तिने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले म्हणून शिपायाला बोलावत नाहीत. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बँकॉकमध्ये नेमके असेच घडले. यजमान देशाच्या प्रसिद्धीसाठी ठरलेल्या चित्रीकरणात भाग न घेतल्याचा ठपका ठेवून आयोजक नवात इत्सराग्रीसिल यांनी फातिमा बॉश हिला उभे केले. कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण सुरू होते. तिने आपली बाजू मांडायला सुरुवात करताच त्यांनी सुरक्षारक्षकांना बोलावले. ती बाहेर पडली, तिच्यापाठोपाठ आणखी स्पर्धक निघाल्या आणि त्यांत आदल्या वर्षीची विजेती, डेन्मार्कची व्हिक्टोरिया थेलविगही होती. ज्यांना स्पर्धेत राहायचे आहे त्यांनी खाली बसावे, असे तेव्हा आयोजकाने बजावले.

त्यांनी तिच्यासाठी एक अपमानास्पद इंग्रजी शब्द वापरला की नाही, यावर पुढे बरीच चर्चा झाली. आपण वेगळाच शब्द उच्चारला होता, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद बाजूला ठेवला तरी माझ्या मते बोलणाऱ्या व्यक्तीवर रक्षक सोडणे पुरेसे गंभीर आहे. मुळात तक्रार तरी कोणाविरुद्ध होती? त्यांच्याच बोलण्यानुसार, मेक्सिकोच्या राष्ट्रीय संचालकांच्या सांगण्यावरून तिने प्रसिद्धी टाळली होती. या व्यवसायाची घडणच तशी आहे. जागतिक संस्था प्रत्येक देशातील संचालकाला परवाना देते, स्पर्धकाचा पहिला करार त्या संचालकाशी होतो, आणि परदेशात पोहोचल्यावर यजमान आयोजकाचा शब्द चालतो. दोन मालकांचे पटले नाही की मधली मुलगी भरडली जाते. शिस्तीचा प्रश्न खरोखरच असता, तर तो त्या संचालकांशी बंद खोलीत सोडवता आला असता.

संस्थेचे अध्यक्ष राऊल रोचा यांनी त्यानंतर इत्सराग्रीसिल यांचा स्पर्धेतील सहभाग मर्यादित केला आणि इत्सराग्रीसिल यांनी जाहीर माफीही मागितली. मुली खाली बसून राहिल्या असत्या, तर यातले काही घडले असते असे मला वाटत नाही. ज्या सभागृहात उत्तर द्यायला मनाई आहे तिथे उठून जाणे हेच उत्तर उरते, आणि त्याला उद्धटपणा म्हणणे मला जड जाते.

प्रश्न : स्पर्धकांना अशी वागणूक आताच मिळू लागली की पूर्वीपासूनच मिळत होती? आणि या संस्थांच्या प्रमुखपदी स्त्रिया आल्या तर चित्र पालटेल का? (एक पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : पूर्वीपासून मिळत होती, फरक इतकाच की तेव्हा थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा बहुधा आयोजकाच्या बाजूने लागलेला असे. व्हेनेझुएलाची अलिसिया मचाडो १९९६ मध्ये मिस युनिव्हर्स झाली आणि काही महिन्यांत तिचे वजन वाढले. तेव्हा स्पर्धेची मालकी डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे होती. १९९७ च्या सुरुवातीला त्यांनी तिला न्यूयॉर्कमधील व्यायामशाळेत नेले आणि तिथे पत्रकार व छायाचित्रकार यांच्या घोळक्यासमोर तिच्याकडून व्यायाम करून घेतला. मुकुट डोक्यावर असलेली विजेतीसुद्धा संस्थेच्या लेखी दाखवण्याची वस्तूच राहते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

मला मात्र याहून बोलके उदाहरण मिस अमेरिका या स्पर्धेचे वाटते, कारण तिथे नेतृत्वाने पश्चात्तापही व्यक्त केला होता. १९८३ मध्ये निवडली गेलेली व्हेनेसा विल्यम्स ही तो किताब मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय तरुणी होती. स्पर्धेपूर्वी काढलेली तिची नग्न छायाचित्रे तिच्या संमतीशिवाय एका मासिकाने छापली आणि जुलै १९८४ मध्ये संस्थेच्या दबावाखाली तिला मुकुट सोडावा लागला. तिचा विश्वास दुसऱ्याने मोडला आणि शिक्षा तिला झाली. तब्बल एकतीस वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, ती परीक्षक म्हणून त्याच मंचावर परतली तेव्हा संस्थेचे प्रमुख सॅम हॅस्केल यांनी साऱ्या प्रेक्षकांसमोर तिची आणि तिच्या आईची माफी मागितली. प्रसंग हृद्य होता. पण डिसेंबर २०१७ मध्ये याच हॅस्केल यांचा अंतर्गत ई-मेल व्यवहार प्रसिद्ध झाला आणि त्यात माजी विजेत्यांच्या वजनाची आणि खासगी आयुष्याची टिंगल चाललेली दिसली. त्यात २०१३ ची विजेती मॅलरी हेगन ही मुख्य लक्ष्य होती. एकोणपन्नास माजी विजेत्यांनी एकत्रितपणे नेतृत्वाच्या राजीनाम्याची मागणी केल्यावर हॅस्केल यांना जावे लागले. मंचावरच्या माफीला मी फारसे महत्त्व का देत नाही, याचे कारण या दोन तारखांमध्ये आहे. माफी दिव्यांच्या झगमगाटात मागितली जाते, तर वागणूक ठरते ती पत्रव्यवहारात, तालमीच्या खोलीत आणि हॉटेलच्या व्हरांड्यात.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. हॅस्केल यांच्यानंतर संस्थेच्या मंडळाच्या अध्यक्षपदी ग्रेचेन कार्लसन आल्या. त्या स्वतः १९८९ च्या विजेत्या, शिवाय २०१६ मध्ये त्यांनी एका बलाढ्य वृत्तवाहिनीच्या प्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाचा दावा लावला होता. त्यांच्याहून योग्य व्यक्ती शोधूनही सापडली नसती. त्यांच्या काळात पोहण्याच्या पोशाखाची फेरीही बंद झाली. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाची विजेती कारा मुंड हिने माजी विजेत्यांना पाच पानी पत्र लिहून आपला आवाज दाबला जात असल्याचा आणि आपल्याला कमी लेखले जात असल्याचा आरोप केला. कार्लसन यांनी तो नाकारला. खरे-खोटे आपण ठरवू शकत नाही. मात्र विजेतीला दाद मागायची होती ती ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच संस्थेत, ही अडचण स्त्री प्रमुख आल्यानेही सुटली नाही, एवढे नक्की म्हणता येते. सारी सत्ता एकाच ठिकाणी साचली असेल, तर सभ्य वागणूक ही त्या खुर्चीवरील माणसाच्या स्वभावावर सोडलेली मेहेरबानी होते.

प्रश्न : एवढ्या गोंधळानंतर फातिमा बॉश हीच २१ नोव्हेंबरला मिस युनिव्हर्स झाली. मुकुट सहानुभूतीपोटी मिळाला का? (एक वाचक)

उत्तर : परीक्षकांच्या मनात शिरता येत नाही. अंतिम फेरीआधीच ओमर हारफूश हे परीक्षक निवडप्रक्रियेवर आक्षेप घेऊन बाहेर पडले होते आणि संस्थेने त्यांचे आरोप फेटाळले होते, इतके जाहीर आहे. पण ती शेवटच्या क्रमांकावर राहिली असती, तरी ४ तारखेला तिला मिळालेली वागणूक तितकीच चुकीची ठरली असती.

प्रश्न : माझ्या भाचीची एका सौंदर्यस्पर्धेसाठी निवड झाली आहे. करार अकरा पानांचा आहे आणि घरात कोणी वकील नाही. मावशी म्हणून मी काय पाहावे? (एक मावशी)

उत्तर : घरात वकील नसला तरी बाहेर मिळतो, आणि त्याची फी हा या स्पर्धेतील सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरेल. त्याआधी आपण स्वतः गोपनीयतेचे कलम शोधून काढा. मे २०२४ मध्ये मिस यूएसए (ही मिस अमेरिकाहून वेगळी स्पर्धा) नोएलिया व्हॉइट हिने मुकुट परत केला, तेव्हा तिच्या निवेदनातील पहिल्या अकरा वाक्यांची आद्याक्षरे जोडल्यावर ‘माझा आवाज दाबला आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तयार होत असल्याचे लोकांनी दाखवून दिले. दोनच दिवसांनी मिस टीन यूएसए उमासोफिया श्रीवास्तव हिनेही पद सोडले. पुढे दोघींच्या आया दूरचित्रवाणीवर बोलल्या, कारण मुली कराराने बांधलेल्या होत्या. स्पर्धेचा निकाल किंवा प्रायोजकांचे व्यवहार गुप्त ठेवण्याची अट समजण्यासारखी आहे. परंतु छळ, असुरक्षितता किंवा बुडवलेले मानधन यांविषयी पोलिसांकडे, वकिलाकडे आणि कुटुंबाकडे बोलण्याची मोकळीक त्या कलमात स्पष्ट लिहून घ्या. ‘ते गृहीतच आहे’ असे कोणी म्हणाले, तर गृहीत असलेले लिहायला हरकत नसावी, असे उत्तर नम्रपणे द्या.

दुसरी गोष्ट शरीराच्या तपासणीची. ऑगस्ट २०२३ मध्ये मिस युनिव्हर्स इंडोनेशियाच्या स्पर्धकांनी पोलिसांत तक्रार दिली, की अंतिम फेरीच्या तोंडावर व्रण पाहण्याच्या निमित्ताने त्यांना कपडे उतरवायला लावले गेले आणि काहींची छायाचित्रेही काढली गेली. जागतिक संस्थेने त्या आयोजकांशी संबंध तोडले आणि अशा तपासणीची आपल्याला गरजच नसते, असे स्पष्ट केले. म्हणजे ‘नियमच आहे’ असे सांगितले गेले, तर तो नियम लेखी मागा. कपड्यांची मापे घेताना सोबत कोण असेल, खोलीत पुरुष असतील का, मोबाईल आत नेता येतील का, हेही आताच विचारून घ्यावे.

कामाची व्याप्तीही विचारा. मे २०२५ मध्ये मिस इंग्लंड मिला मॅगी हैदराबादची मिस वर्ल्ड स्पर्धा अर्ध्यावर सोडून परतली आणि श्रीमंत पाहुण्यांची करमणूक करण्यासाठी आपल्याला मेजवानीत बसवले गेले, असे तिने म्हटले. आयोजकांनी ते साफ नाकारले. अशा वेळी कोणते कार्यक्रम बंधनकारक आणि कोणते ऐच्छिक, हे कागदावर असेल तर निदान वाद कशावरून आहे ते तरी कळते.

शेवटी, तक्रार कोणाकडे करायची, हे विचारा. उत्तरात संचालकांचेच नाव आले तर दुसरे नाव मागा. ती व्यक्ती संस्थेबाहेरची असेल तर उत्तमच. आणि भाचीच्या हॉटेलचा पत्ता, खोली क्रमांक व परतीच्या तिकिटाची प्रत आपल्याजवळ असू द्या, म्हणजे मध्येच निघावेसे वाटले तर तिला कोणाची परवानगी मागत बसावे लागणार नाही.