नवीन फ्लॅटमध्ये पाइप गॅस घेताना गीझरपर्यंतचा पाइप भिंतीतून न्यावा का?

नेऊ नका. भिंतीत नको आणि बाथरूममध्ये तर अजिबातच नको.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात टू बीएचके ताब्यात आलाय, शेगडीबरोबर गीझरही पाइप गॅसवर घ्यायचाय आणि इंटिरियरवाला म्हणतोय की झिरी मारून पाइप आत दाबला तर कुठे दिसणार नाही. नेमकं हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाइपचा मार्ग ठरवताना सुरुवात पाइपपासून करू नका. गीझर कुठे बसणार ते आधी ठरवा. पुण्यातल्या बहुतेक फ्लॅट्सना स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते आणि गॅसचा राइझर, म्हणजे इमारतीत खालून वर जाणारा मुख्य पाइप, बऱ्याचदा त्याच अंगाने बाहेरून वर चढलेला असतो. गीझर तिथे टांगा. मीटरवरून एक फाटा ओट्यावर शेगडीला, दुसरा गीझरला. गॅसचा पाइप मोजून काही फूट. मग बाथरूमपर्यंत जे लांब जायचंय ते गरम पाण्याला जाऊ दे, सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपच्या) लाइनमधून, खुशाल भिंतीतून. पाण्याची लाइन गळली तर भिंतीला ओल येईल, शेजारी तक्रार करेल, टाइल्स फोडाव्या लागतील. गॅसची लाइन भिंतीत गळली तर वास कुठून येतोय हेही लवकर सापडत नाही.

आमच्या फ्लॅटचं काम चालू असताना माझे थोरले दीर रोज साइटवर यायचे. ते स्वतः बांधकामातले, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. एका संध्याकाळी मी गेले तर भिंतीवर लाल पेन्सिलीने रेघ मारलेली. ओट्यामागून वर, पॅसेजच्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगच्या आतून, थेट कॉमन बाथरूमच्या माळ्यापर्यंत. सकाळी झिरी मारणारा येणार होता. मी नाही म्हटलं. भाऊजी म्हणाले, "अगं, वायरिंग भिंतीतून जातं, पाणी जातं, मग गॅसचंच काय एवढं?" मी म्हटलं, भाऊजी, गॅस कंपनीचा माणूस बघून जाऊ दे. तो आला, रेघ बघितली आणि सरळ म्हणाला की कन्सील लाइन आम्ही करत नाही, पाइप उघडाच राहील. त्यावर भाऊजींचं उत्तर होतं, "त्याला शेगडीपर्यंत करू दे. पुढचं आपण आपल्या फिटरकडून करून घेऊ."

मी खरी चिडले ती या वाक्यावर. हे पुष्कळ घरांत होतं. कनेक्शन कंपनीकडून रीतसर घ्यायचं आणि माणसं गेली की मीटरपुढची लाइन खासगी फिटरकडून वाढवायची. ना प्रेशर टेस्ट, ना कुठे नोंद. त्या दिवशी मी कारागिरांसमोर भाऊजींना उलटून बोलले. त्यावरून घरात बरेच दिवस अबोला होता, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

कारण माझी मामेबहीण. तिच्याकडे सिलिंडरवरचा गीझर बाथरूमच्या आतच होता. हिवाळ्यातली सकाळ, खिडकी लावलेली. आतून उत्तर येईना म्हणून दार तोडलं तर ती फरशीवर पडलेली. दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98 दाखवलं, सगळे निर्धास्त झाले. चतुर्थीचा उपास होता, अशक्तपणाने चक्कर आली असं ठरलं. नशिबाने दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरी गीझर कुठला आहे?" रक्त तपासल्यावर कार्बन मोनॉक्साइड निघाला. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो. म्हणून ते 98. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वासही जळून जातो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही. बहीण वाचली. भाऊजी मात्र अजूनही "उपासाची चक्कर" असंच म्हणतात.

त्यांच्यासाठी केलेला हिशेब तुम्हालाही सांगते. सहा लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळतो, आणि एक घनमीटर वायू जळायला जवळजवळ दहा घनमीटर हवा लागते. चार बाय सातचं बाथरूम, नऊ फूट उंची, म्हणजे आत हवा सुमारे सात घनमीटर. दोघं पाठोपाठ आंघोळीला गेले आणि गीझर वीस मिनिटं चालला की निम्म्या खोलीएवढी हवा त्याने वापरली. हवा कमी पडत गेली की ज्वाला अर्धवट जळते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो तिथे.

आता तुमचं लाइनीचं. पीओपीच्या आतून पाइप नेऊ नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. पाइपमधला मिथेन हलका, तो वर चढतो आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साचून राहतो. त्याच कारणाने स्वयंपाकघराच्या खिडकीची वरची झडप काच लावून बंद करू नका. भिंत ओलांडायची तिथे कोअर मारून (गोल भोक पाडून) स्लीव्हमधून, म्हणजे बाहेरच्या नळीतून, सरळ आरपार, बेडरूममधून नाही, स्विचबोर्डापासून लांब. वळणं कमी ठेवा, कारण घरात गॅसचा दाब जेमतेम 21 मिलिबार असतो आणि गीझर शेगडीच्या दुपटी-तिपटीने गॅस ओढतो. मीटर आणि व्हॉल्व्ह ट्रॉलीच्या मागे कोंडू नका, अंधारातसुद्धा हात पोचला पाहिजे. पिवळा पाइप दिसतो तर दिसू दे.

एक राहिलं. ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून ती बंद केली असेल, तर वरचा सगळा हिशेब तिलाही लागू होतो. आधी स्लायडिंग काढा, नाहीतर गॅस गीझर विसरा. बाथरूम फार लांब असेल तर गरम पाणी पोचेपर्यंत बादलीभर गार पाणी वाया जातं, तिथे विजेचाच गीझर बरा. आमच्या आतल्या बाथरूमला तोच आहे. बंगल्यात राइझरची जागा वेगळी असते, त्यामुळे तुमच्या भागातल्या कंपनीचा माणूस जे सांगेल ते अंतिम माना. आणि जुना सिलिंडरवरचा गीझर तसाच जोडू नका. त्याचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी छिद्रं, बारीक असतात, दाबही वेगळा लागतो. पीएनजीचाच, म्हणजे पाइप गॅसवरचाच गीझर घ्या, आणि त्याचा पॉइंट शेगडीच्या अर्जातच मागा, म्हणजे "पुढचं आपण करून घेऊ" म्हणायला घरात कुणाला वावच राहणार नाही.