पाकोळीचा ओरखडा आणि दहा दिवसांची वाट

प्रश्न : आम्ही ठाण्यात मानपाड्याला, येऊरच्या डोंगराच्या अंगाला राहतो. परवा संध्याकाळी घरात पाकोळी, म्हणजे लहान वटवाघूळ, शिरली. पडद्याला लटकलेली ती पाकोळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने रुमालात धरून गॅलरीतून सोडून दिली. त्याच्या बोटावर टाचणी टोचल्यासारखे दोन ठिपके दिसले, म्हणून हळद लावली. शेजारी म्हणतात, दहा दिवस वाट पाहा. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाट पाहू नका, आजच मुलाला रुग्णालयात न्या. दहा दिवसांचा नियम कुत्र्या-मांजरासाठी आहे, कारण तो प्राणी डोळ्यांसमोर ठेवून निरोगी राहतो की नाही हे पाहता येते. वटवाघळाला तो नियम लागू होत नाही, आणि तुमची पाकोळी तर उडूनही गेली आहे.

आधी हळद धुऊन काढा आणि बोट नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ लावून धुवा. दोन दिवस उलटले असले तरी हे करावेच. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही नको आणि पट्टीही बांधू नका. लहान पाकोळीचे दात इतके बारीक असतात की जखम दिवसभरात दिसेनाशी होते; म्हणून ठिपके पुसट झाले, एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये.

आपल्याकडे रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो, त्यामुळे वटवाघळाचे नाव काढल्यावर कोणी हा धोका किरकोळ ठरवण्याची शक्यता आहे. परंतु श्रीलंकेत २०१५ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांत, आपल्याकडेही आढळणाऱ्या मोठ्या फलाहारी वटवाघळांमध्ये, रेबीजच्याच कुळातला विषाणू सापडला आहे आणि जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाच्या संपर्काला सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत धरते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दलही विचारा. ते जखमेतच टोचतात आणि लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच देता येते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करा.

महापालिकेच्या व सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. त्वचेत दिल्यास ती पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते; स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवशी आणखी एक डोस असतो. शाळेची परीक्षा असली तरी एकही तारीख चुकवू नका, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. मुलाला मात्र रागावू नका. त्याने पाकोळीला मारले नाही, सोडून दिले. पुढच्या वेळी दिवे मालवून खिडकी उघडी ठेवा, ती आपणहून बाहेर जाईल.