मुंबईतला पहिलाच उन्हाळा, मुलांना सुट्टी आणि गावी जाणं नाही. एप्रिल-मेमध्ये शहरात काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नागपूरहून मुंबईत आलात, मुलं दहा आणि तेरा वर्षांची आहेत, यंदा गावी जायला रजा नाही. मॉल आणि गेम झोन करून झाले, मुलं आता कंटाळली आहेत. मी दादरला लहानाची मोठी झाले आणि माझी दोन्ही मुलंही इथेच वाढली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मनापासून द्यावंसं वाटतंय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: जे वर्षभर मिळतं ते या दोन महिन्यांत करूच नका. मॉल ऑगस्टमध्येही असतो. पण मुंबईत काही गोष्टी फक्त एप्रिल-मेमध्ये असतात आणि पहिल्या पावसाबरोबर निघून जातात. त्या धरायच्या. पाऊस इथे साधारण ११ जूनला येतो असं हवामान खातं धरतं, म्हणजे तुमच्या हातात तसे मोजकेच आठवडे आहेत.

आधी उन्हाचं बोलते. नागपूरचे पंचेचाळीस अंश सोसलेल्या माणसाला इथले तेहतीस-चौतीस म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण इथे घाम वाळत नाही. कूलरही इथे उपयोगाचा नाही, हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. म्हणून दिवसाचे तीन भाग करा. पहाटेपासून साडेनऊपर्यंत बाहेर, दुपार छपराखाली, आणि पाचनंतर समुद्राकडे. दुपारी पश्चिमेकडून खारा वारा सुटतो, संध्याकाळपर्यंत तो किनाऱ्यावर छान खेळत असतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ओहोटीला खडकांवर जा. मुंबईत राहणाऱ्या कितीतरी माणसांना ठाऊकच नसतं की मरीन लाइन्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर जिवंत समुद्रफुलं दिसतात. गिरगाव चौपाटीची खडकाळ बाजू, हाजीअली, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहूची कोळीवाड्याकडची टोकं, या जागा पूर्ण ओहोटीला उघड्या पडतात. खडकांच्या खोलगट भागांत पाणी साठून राहतं. तिथे उकिडवं बसायचं आणि निदान दोन मिनिटं हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण आत शंखातला खेकडा असतो. खडकाला चिकटलेली, भिजल्या जेलीसारखी दिसणारी गोळी हळूच उमलते, तिला बारीक बारीक बोटं फुटतात, ते समुद्रफूल. कडेला कोळणी कालवं फोडत बसलेल्या असतात. त्यांना विचारलंत तर त्या मुलांना सगळं नीट दाखवतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७पासून अशा फेऱ्या काढतात, माहितगार सोबत असतो. पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर गेलेलं उत्तम.

वेळ कशी ठरवायची, तर त्याला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. कालनिर्णय उघडा. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेसातला. अष्टमीला भरती सहाला येते, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, तो दिवस सोडून द्या. पौर्णिमा किंवा अमावास्या आणि पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले, कारण तेव्हा पाणी सगळ्यात जास्त आत जातं आणि वेळही सकाळची मिळते. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, म्हणून निघण्याआधी इंटरनेटवरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. तेरा वर्षांच्या मुलाला हे काम सोपवा, त्याला गणित आवडत नसलं तरी हे आवडेल. पायात घट्ट, न घसरणारे बूट हवेत, चपला नकोत. काही उचलून घरी आणायचं नाही, उलटवलेला दगड परत होता तसा ठेवायचा, आणि पाणी फिरलं की लगेच मागे यायचं. पोहायला मात्र या किनाऱ्यांवर मुळीच उतरू देऊ नका.

भरतीचा हा हिशेब आणखी एका ठिकाणी कामाला येतो, तो म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. हे पक्षी थंडीत ठाण्याच्या खाडीत येतात आणि मेअखेरपर्यंत, कधी थोडे पुढेही थांबतात. खाडीच्या पश्चिम भागाला २०१५मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी निघते. बोटीला पाणी लागतं, म्हणून फेरीची वेळ रोज बदलते. ऑनलाइन बघून आधी जागा राखून ठेवा. बोटीशिवाय बघायचे असतील तर नेरुळच्या डीपीएस तलावाकडे भरतीच्या वेळी जा. भरतीला खाडीतला चिखल बुडतो, खायला-उभं राहायला जागा उरत नाही, मग थवे तलावात येऊन विसावतात. दुर्बीण कुणाकडून तरी मागून घ्या. पाय वर-खाली करून चिखल ढवळणं, चोच उलटी करून पाणी गाळणं, हे दुर्बिणीतून बघताना मुलं गप्प होतात.

खाण्याबद्दल लिहिल्याशिवाय मुंबईचा उन्हाळा पुरा होत नाही. एका सकाळी मुलांना घेऊन क्रॉफर्ड मार्केटला जा, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले मंडईत. ही इमारत १८६९ची आहे, दारावरची दगडी शिल्पं मान वर करून बघण्यासारखी आहेत. आत हापूसच्या पेट्या, पेंढा, आणि तो वास. आंबा देठाजवळ नाकाला लावून बघायला मुलांना शिकवा. वास आला नाही तर रंग कितीही छान असो, ठेवून द्यायचा. देवगड-रत्नागिरीच्या हापूसची साल पातळ असते आणि फोड केशरी निघते. एप्रिलमध्ये भाव चढे असतात, मेच्या मध्यावर उतरतात, तेव्हा पेटी घ्या. आमरसासाठी मात्र पायरीच घ्या, हे माझं ठाम मत आहे. हापूस कापून खावा, पायरी पिळावी.

स्टेशनाबाहेरचा रानमेवाही बघा. तुमच्याकडे जशी टेंभरं-चारं निघतात, तशी इकडे करवंदं आणि जांभळं. ठाणे-पालघरकडच्या आदिवासी बाया दादर, बोरिवली, ठाण्याच्या स्टेशनांबाहेर पाट्या घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात करवंदं देतात. भाव करू नका, पहाटे उठून झुडपांच्या काट्यांतून त्यांनी ती काढलेली असतात. ताडगोळे बहुतेक तुमच्या मुलांनी खाल्लेले नसतील. बोटाने दाबून मऊ लागतील तेच घ्यायचे, टणक नकोत. बदामी साल नखाने सोलून अख्खा ताडगोळा तोंडात टाकायचा, कारण मधलं पाणी चावताक्षणी सुटतं, अर्धा खायला गेलं तर ते सदऱ्यावर जातं. मासे खात असाल तर मे महिन्यातच खाऊन घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते.

दुपारसाठी नाटक. मराठी घरातल्या मुलांनी उन्हाळ्यात बालनाट्य बघायचंच, असं मला अगदी आतून वाटतं. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये लिटल थिएटर सुरू करून मुलांसाठी मोठ्या रंगमंचावर, खऱ्या नेपथ्यासह नाटकं करायला घेतली, आणि तेव्हापासून सुट्टीतली बालनाट्यं ही या शहराची रीतच होऊन गेली. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, यांपैकी घराजवळचं बघा. प्रयोगांच्या जाहिराती शनिवार-रविवारच्या वर्तमानपत्रात येतात. पुढच्या रांगेची तिकिटं काढा. चेटकीण रंगमंचावरून खाली उतरून प्रेक्षकांत आली की दहा वर्षांचं मूल ओरडतं, आणि तेरा वर्षांचंही, कितीही मोठं झाल्याचं दाखवत असलं तरी. स्वतः काम करायची हौस असेल तर जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा असतात. त्यांच्या जागा फार लवकर भरतात. पालिकेच्या तरणतलावांचे उन्हाळी पोहण्याचे वर्गही तसेच, नोंदणी सुरू होण्यावर डोळा ठेवावा लागतो; दादरचा महात्मा गांधी तलाव शिवाजी पार्कला आहे.

दुपारची आणखी एक सोय म्हणजे मेट्रो ३. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून आणि थंडगार. ती पकडून दक्षिण मुंबईत उतरायचं आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरायचं. तिथे मुलांसाठी वेगळं संग्रहालय केलंय. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही चांगलं आहे, पण ते वर्षभर आहेच, पावसाळ्यात जा.

राणीच्या बागेबद्दल, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाबद्दल, लोक तुम्हाला पेंग्विन सांगतील. पेंग्विन जरूर बघा, पण मी तिथे मेमध्ये झाडांसाठी जाते. ताम्हण या दिवसांत जांभळा फुलतो, आपलं राज्यफूल. बहाव्याचे पिवळे घोस लोंबत असतात. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, आणि तोफेच्या गोळ्यांसारखी फळंही खोडालाच लटकतात. त्याच्यासमोर मुलं हमखास थांबतात. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे, तो घारापुरी बेटावरचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. बाग बुधवारी बंद असते.

हत्ती बघून झाल्यावर बेटही बघावंसं वाटेल. गेटवेवरून लाँचने तासभर लागतो, सोमवारी लेणी बंद. पहिली लाँच पकडा, कारण वर चढायला पायऱ्या पुष्कळ आहेत आणि दहानंतर दगड तापतो. अलिबागजवळच्या मांडव्याला जायचं असेल तर गेटवेच्या लाँच मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होतात, त्याआधी जा. लेणीच बघायची तर मला कान्हेरी जास्त आवडतं. सकाळी दार उघडताच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरा, पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या, माकडांसमोर पिशवी उघडू नका. कातळातल्या पोढ्यांत, म्हणजे कोरलेल्या टाक्यांत, उन्हाळ्यातही पाणी असतं. डोंगरउतारावर पडलेला पाऊस चरांतून खाली आणून भिक्षूंनी तो साठवायची व्यवस्था कशी केली होती, ते चर आजही बोट ठेवून दाखवता येतात. हेही सोमवारी बंद.

संध्याकाळचं फार सांगायला नको. मलबार हिलवर २०२५मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारी लाकडी पायवाट सुरू झालीय, कमला नेहरू पार्कजवळ. वेळ ऑनलाइन राखून जावं लागतं, आणि पुढच्या काचेच्या सज्जातून चौपाटी दिसते. तिथून उतरून चौपाटीवर काला खट्टा. १ मेला सकाळी शिवाजी पार्कचं महाराष्ट्र दिनाचं संचलन मुलांना दाखवा. आयपीएलचा सामना वानखेडेवर बघायला मिळाला तर बघा, पण घरच्या खर्चाचा विचार केला तर मी तेच पैसे चार बालनाट्यांना देईन.

आणि १५-१६ मेची दुपार मोकळी ठेवा. त्या दोन दिवसांत मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी, आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. गच्चीवर स्टीलचा उंच डबा उभा करा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने त्याच्या सावलीचं टोक आखा. रेघा डब्याकडे सरकत येतात आणि एका क्षणी डब्याच्या बुडाशी काहीच उरत नाही. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसत नाही, दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. नागपूरला हाच दिवस २६ मेच्या आसपास येतो, आणि वेळ १२ वाजून १० मिनिटांची. आजी-आजोबांना फोन करून तिकडे अंगणात डबा ठेवायला सांगा आणि फोटो मागवा. मुंबईत दहा दिवस आधी का आणि घड्याळात पंचवीस मिनिटं उशिरा का, याचं उत्तर मुलांना नकाशा समोर ठेवून स्वतः शोधू द्या. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढं मात्र आधी बजावा.