कण्हेरीवरची डोळेवाली हिरवी अळी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पावसाळा लागला की मला एकच फोटो वेगवेगळ्या घरांतून येतो. बोटाएवढी जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन मोठे निळे-पांढरे डोळे, अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ, मागच्या टोकाला छोटं पिवळसर शिंग, आणि फोटोखाली "काय मारू?" ही ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी, शास्त्रीय नाव डाफ्निस नेरी. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली याचं वर्णन केलं. आफ्रिकेपासून दक्षिण आशियापर्यंत हा पतंग राहतो आणि उन्हाळ्यात उडत उडत युरोपातही पोचतो. आपल्याकडे कण्हेर, तगर, सदाफुली, अडेनियम यांच्यावर अळी सापडते. तेच ते प्रश्न आलेत म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न (ठाणे): बाल्कनीतल्या तगरीवर आहे. चावते का? शिंगात विष असतं का?

नाही आणि नाही. शिंग मऊ असतं, टोचत नाही.

प्रश्न (बीड): गावच्या ग्रुपवर फोटो फिरतोय की ही घोणस अळी आहे, हात लागला तर माणूस दगावतो. खरं काय?

२०२२ च्या सप्टेंबरपासून हा मेसेज चालू आहे आणि दर वर्षी त्याला नवीन फोटो चिकटतो. ज्या अळीला तेव्हा घोणस अळी म्हणत होते ती वेगळी, स्लग कॅटरपिलर जातीची, चपटी, अंगभर काटेरी केसांचे झुपके. ते टोचले की जबरदस्त आग होते, सूज येते, म्हणून लोक दवाखान्यात गेले. तुमच्या फोटोतली अळी गुळगुळीत आहे, एक काटा नाही. आणि ते डोळे म्हणजे डोळे नाहीतच, नुसता रंग आहे, खरं डोकं पुढे छोटंसं असतं. तिला डिवचलं की ती डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगतो आणि ते ठिपके ताणून मोठे दिसतात. पक्ष्याने दचकावं एवढाच हेतू. मेसेज पुढे पाठवू नका. कुठल्याही काटेरी अळीने आग झालीच असेल तर चिकटपट्टी लावून केस काढा, साबणाने धुवा आणि डॉक्टरांकडे जा, श्वास लागत असेल तर लगेच.

प्रश्न (पुणे): जिन्याच्या भिंतीवर लष्करी कपड्यासारखा हिरवा पतंग सकाळपासून हलत नाहीये. मरतोय का? साखरपाणी देऊ?

मरत नाहीये, झोपलाय, दिवसा तो असाच बसतो. नीट बघा, गडद हिरवा, पोपटी, मळकट गुलाबी आणि मधे फिकट पट्टे, पंख पसरले की साधारण दहा सेंटिमीटर. संध्याकाळी उडायच्या आधी तो थरथरेल, तेव्हा घाबरू नका, छातीचे स्नायू तापवल्याशिवाय एवढं जड शरीर उचलत नाही. मग फुलासमोर हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध पिईल. साखरपाणी नको. जिन्यातला दिवा बंद करा, खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे कलमी अडेनियम आहेत, महागातले. दोन रात्रींत पानं साफ. नर्सरीवाल्याने एक बाटली दिली, सेंद्रिय आहे, घरात चालतं, दर आठ दिवसांनी मारा म्हणाला. लेबल नाहीये. मारू का?

नका मारू, आणि ती बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

हे मी सविस्तर लिहितो कारण माझी खरी काळजी अळीची नाहीच, या बाटल्यांची आहे. आपल्याकडे १९६८ पासून कीटकनाशकांचा कायदा आहे. डब्यावर नोंदणी क्रमांक, औषधाचं नाव, कुठल्या पिकावर किती मारायचं हे लागतं, आणि लाल, पिवळा, निळा, हिरवा यातला एक रंगाचा त्रिकोण लागतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. तुमच्या बाटलीवर यातलं काहीच नाही, म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, नर्सरीवाल्याला माहीत असेल याची खात्री नाही, आणि उद्या कुणाला विषबाधा झाली तर डॉक्टरांना सांगणार काय? सेंद्रिय हा शब्द बाटलीवर पेनने कुणीही लिहू शकतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना माणसं गेली, शेकडो जण दवाखान्यात होते, आणि ती माणसं वर्षानुवर्षं फवारणी करणारी होती. तुम्ही बंद बाल्कनीत, मास्कशिवाय, बाजूला कपडे वाळत घातलेत, तिथे दर आठ दिवसांनी मारणार. आणि अळी दिसो न दिसो दर आठ दिवसांनी, हा सल्ला बाटली खपवण्यासाठी आहे, झाडासाठी नाही.

बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध, मारू का असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. नोंदणी असलेलं बीटी माणसाला बरंच सुरक्षित, पण कण्हेरीवर कॉमन क्रो फुलपाखराच्या अळ्याही असतात, अंगावर काळ्या लांब शेपट्यांसारखे धागे असलेल्या, बीटीने त्याही मरतात.

त्यापेक्षा असं करा. आधी फरशी बघा. मिरीच्या दाण्याएवढ्या काळपट लेंड्या, त्यांवर उभ्या खाचा, त्या जिथे पडल्यात त्याच्या बरोबर वर टॉर्च मारा, पानाच्या खालच्या बाजूला अळी दिसेलच. एवढी मोठी असून आधी का दिसली नाही असं वाटेल, कारण ती बाजूची पांढरी रेघ अगदी पानाच्या शिरेसारखी दिसते. हातमोजे घाला, अळीसाठी नाही, अडेनियमच्या चिकासाठी, तो विषारी असतो. पानासकट अळी उचला आणि बाहेर एखाद्या जुन्या मोठ्या कण्हेरीवर सोडा, हायवेच्या दुभाजकावर नका सोडू, तिथे गाड्यांमधून जावं लागतं. कोवळ्या शेंड्यांवर फिकट हिरवी, साधारण मोहरीएवढी गोल अंडी एकेकटी असतात, तीही पानासकट काढता येतात. अडेनियमला पानं परत फुटतात. फक्त पानं नसताना पाणी कमी घाला, नाहीतर खोड कुजेल आणि दोष अळीला जाईल. एवढं करूनही दर महिन्याला झाड साफ होत असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात अळी आणि फांदी घेऊन जा.

प्रश्न (कोल्हापूर): कुत्र्याने काल कण्हेरीजवळ अशी अळी खाल्ली, रात्रीपासून उलट्या करतोय. अळीचं विष असेल का? घरी काय द्यावं?

काल खाल्ली आणि आज मला मेसेज लिहिताय? हे वाचत असाल तर आधी पशुवैद्यांकडे निघा. अळीच्या पोटात कण्हेरीचाच पाला असतो आणि कुत्र्याने पानही चघळलं असेल, कण्हेरीचं विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं. दूध, तूप, मीठपाणी काही देऊ नका. फांदीचा फोटो सोबत न्या. लहान मुलाने पान किंवा फूल तोंडात घातलं तरी हेच, थेट हॉस्पिटल, लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नाही.

प्रश्न (मडगाव): हिरवी अळी अचानक तपकिरी झाली, खात नाही, फरशीवर नुसती पळतेय. आजारी आहे?

कोषात जायची वेळ झाली. ती पाचोळा शोधतेय, तिथे रेशमाचे दोन-चार धागे लावून ती सैल कोष करते. टाइल्सच्या बाल्कनीत पाचोळा नसतो म्हणून पळते. खोक्यात थोडी माती आणि कोरडी पानं घालून सावलीत ठेवा, पाणी शिंपडू नका, कोष हाताळू नका. आपल्या हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो, थंडीत वेळ लागतो. पंख पसरायला खोक्यात एक उभी काडी हवी, ती नसली तर पंख वाकडे राहतात. कोषातून पतंगाऐवजी माश्या निघाल्या तर त्या परजीवी आहेत, तुमचं काही चुकलं नाही.

प्रश्न (पुणे, परत): पंखांची पूड डोळ्यात गेली तर आंधळेपण येतं म्हणतात?

नाही येत, ते पंखांवरचे बारीक खवले असतात. डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि तासाभरात टोचणं थांबलं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.