घरातलं विलायती तैलचित्र लंडनच्या लिलावात पाठवता येईल का?

प्रश्न : आजोबांनी मुंबईत एका लिलावात घेतलेलं विलायती तैलचित्र आमच्या साताऱ्याच्या घरी आहे. कोपऱ्यात सही आणि १८७१ साल आहे. वडील गेल्या वर्षी वारले. लंडनचा धाकटा भाऊ म्हणतो, तिकडे लिलावात चांगली किंमत येईल, फ्रेम काढून गुंडाळी करून पाठव. चित्र इंग्रजाचंच आहे, मग आपल्या कायद्याची अडचण का यावी?

उत्तर : चित्र पाठवू नका. कुरिअरने नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानातून तर अजिबात नाही.

चित्रकार कुठला, हे कायदा विचारतच नाही. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर किंवा अधिक वर्षं जुनं कोणतंही चित्र पुरावशेष ठरतं. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १९०१ मध्ये संपली, म्हणजे त्या काळातलं प्रत्येक अस्सल चित्र ही मुदत कधीच ओलांडून गेलं आहे. कलम ३ नुसार अशी वस्तू फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था देशाबाहेर नेऊ शकते. खासगी माणसाने नेली तर कलम २५ खाली किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. कस्टम्स चित्र जप्त करतं ते वेगळंच. पार्सलवर ‘घरगुती सामान’ लिहिणं म्हणजे गुन्ह्यात भर घालणं.

एक वाट उरते, चित्र मागाहून, गेल्या शंभर वर्षांच्या आत केलेली नक्कल असेल तर. फ्रेमच्या मागची बाजू उजेडात नीट पाहा. लंडनच्या रंगविक्रेत्यांचे, उदाहरणार्थ विन्सर अँड न्यूटनचे, शिक्के कॅनव्हासच्या पाठीवर असायचे. शिक्का, जुनी चिठ्ठी, लिलावाचा क्रमांक, जे दिसेल त्याचे फोटो काढा, पण काही पुसू नका, खरवडू नका. त्यावरून काळ ठरवायला मदत होते. तरी चित्र पुरावशेष आहे की नाही, हा वाद उभा राहिला तर कलम २४ प्रमाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम. तुमचा-माझा अंदाज तिथे चालत नाही.

देशात विकायला मात्र मनाई नाही. आधी नोंदणी करा, कारण चित्रं नोंदणी सक्तीच्या वर्गात येतात. आजोबा-वडिलांनी केली नसेल तर झालेला उशीर लपवू नका, फोटोंसह नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करा. नोंदणी न करणं हाही गुन्हा आहे. मग परवानाधारक विक्रेता किंवा लिलावगृह निवडा. कलम १७ प्रमाणे मालकीच नव्हे, ताबा बदलला तरी कळवावं लागतं, तेव्हा चित्र लिलावगृहाकडे सोपवतानाच ते करा. घेणाऱ्यालाही ते भारतातच ठेवावं लागेल. त्यामुळे लंडनपेक्षा किंमत कमी येऊ शकते, हे भावाला स्पष्ट सांगा.

आणि हे चित्र तुम्हा दोघा भावांचंच आहे का? वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई असल्यास तिचा आणि बहिणींचाही तुमच्याइतकाच हिस्सा आहे. सगळ्यांची लेखी संमती घ्या. चित्र पोचवल्यावर नव्हे, आधी. करातही सूट धरू नका: चित्रं घरगुती वस्तूंच्या सवलतीत बसत नाहीत, नफ्यावर भांडवली नफा कर लागतो. नफा मोजताना खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाचा आधार घेता येतो, म्हणून मूल्यांकनाचा अहवाल विक्रीआधीच करून घ्या.

भावाने तिथल्या लिलावगृहाला चित्र देण्याचा शब्द दिला असेल, तर तो आजच लेखी मागे घ्यायला सांगा.