जो बरो अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एकाच हंगामापुरता चमकला का?

जवळजवळ हो, क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून त्याचं कॉलेजमधलं मोठेपण 2019च्या एका हंगामावर उभं आहे, पण तसा हंगाम क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. ओहायो स्टेट विद्यापीठात तो तीन वर्षं बहुतेक बाकावरच बसून होता. पदवी हातात पडताच 2018मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेला. पुढच्या वर्षी संघाने 15 पैकी 15 सामने जिंकले. त्याचे पासचे 5,671 यार्ड, 60 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) फक्त 6! हाइसमन करंडकही (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यालाच. क्लेमसनविरुद्धची अंतिम लढत (42-25) जरूर पाहा: पाच टचडाउन पास, शिवाय एक टचडाउन स्वतः धावत. मात्र एका हंगामातल्या 60 टचडाउन पासचा विक्रम आता त्याचा नाही, 2021मध्ये बेली झॅपी या क्वार्टरबॅकने 62 केले.