आधी कम्युनिटी कॉलेज, मग आर्ट स्कूल: तुमचे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात ड्रॉइंग शिकवते आणि ट्रान्सफरवाल्या, म्हणजे इथून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे पोर्टफोलिओ (निवडक कामांचे संच) बघते, त्यामुळे मराठी घरांतून तेच तेच प्रश्न येत राहतात. यावेळी एकत्रच उत्तरं देतेय. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या काउन्सेलरला विचारा.

मुलगी सीनियर इयरला आहे. सगळे म्हणतात कम्युनिटी कॉलेजला गेली की चांगलं आर्ट स्कूल विसरा. (फ्रीमाँट)

हे सगळे म्हणजे कोण? ट्रान्सफरची मुलं दरवर्षी यूसीएलएला, आर्टसेंटरला, रिझ्डीला (ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन) जातात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिट २,७६० डॉलरमध्ये, वर रंग-कागदाचा खर्च. प्रायव्हेट आर्ट कॉलेजची एका वर्षाची ट्युशन पन्नास हजारांच्या वर जाते. 'लोक काय म्हणतील' याची किंमत एवढी असेल तर द्या बापडे.

मुलाने पुण्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ए ग्रेडने केलीय. क्रेडिट मिळेल का?

नाही.

ग्रुपवर वाचलं की ६० युनिट झाले की थेट थर्ड इयर. म्हणजे दोन वर्षं इथे आणि दोन वर्षं प्रायव्हेट आर्ट कॉलेजात, हिशोब बरोबर ना? (सॅन होजे)

चूक, आणि याच हिशोबापायी घरं कर्जात जातात म्हणून जरा लांब लिहिते. युनिट 'स्वीकारली' जाणं वेगळं आणि स्टुडिओत थर्ड इयरला बसवणं वेगळं. इंग्लिश, आर्ट हिस्ट्री, सायकॉलॉजी हे बहुतेक ठिकाणी सरळ जातं. पण ड्रॉइंग, टू-डी डिझाइन, कलर यात तुम्हाला कुठल्या वर्षाला बसवायचं ते प्रायव्हेट आर्ट कॉलेजवाले बऱ्याचदा पोर्टफोलिओ बघून ठरवतात. ट्रान्सक्रिप्टवर ए असला तरी काम कच्चं दिसलं की परत फाउंडेशनला, म्हणजे सुरुवातीच्या पायाभूत क्लासला बसवतात, आणि स्टुडिओचे क्लास एकापुढे एक लागलेले असतात, एक झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, त्यामुळे खात्यावर ६० युनिट असूनही पुढे दोनाची तीन वर्षं होतात आणि त्या तिसऱ्या वर्षाची फी प्रायव्हेटच्या दराने भरायची. इकडे वाचवलेलं सगळं तिकडे गेलं.

यूसी आणि सीएसयू या कॅलिफोर्नियाच्या दोन सरकारी युनिव्हर्सिटी सिस्टिमचं त्या मानाने सरळ आहे. असिस्ट डॉट ऑर्गवर तुमचं कॉलेज, जायचंय ते कॉलेज आणि मेजर टाकलं की कुठला क्लास कशाच्या जागी धरतात ते दिसतं, फुकट. तरी मुलं मैत्रिणीला विचारून क्लास घेतात! यूसीच्या सहा कॅम्पसना टॅग, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी, पण त्याचा अर्ज सप्टेंबरमध्येच आणि काही मेजर त्यातून वगळलेले असतात. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो टॅगमध्ये नाहीत. यूसीएलएच्या आर्टला तर पोर्टफोलिओ लागतोच. सीएसयूसाठी स्टुडिओ आर्ट्सची ट्रान्सफर असोसिएट डिग्री केलीत तर सिस्टिममध्ये जागा मिळते, पण ती घराजवळच्याच कॅम्पसला मिळेल असं कोणी कबूल केलेलं नाही.

म्हणून आधी जायची दोन-तीन ठिकाणं नक्की करा आणि मग पहिल्या सेमिस्टरचे क्लास उचला. स्टुडिओ क्लास तीन युनिटचा असला तरी बहुतेक ठिकाणी आठवड्याला सहा तास खातो, एका वेळी चार घेऊ नका. प्रत्येक क्लासचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, पुढच्या कॉलेजने मागितला तेव्हा शिकवणारा बहुतेक सोडून गेलेला असतो. आणि पहिल्याच वर्षी जायचंय त्या कॉलेजच्या ट्रान्सफर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून उत्तर लेखी घ्या. तुमच्या काउन्सेलरची अपॉइंटमेंट दर टर्मला, फक्त शेवटी नाही.

एक क्लासवाला 'गॅरंटीड पोर्टफोलिओ'चे काही हजार डॉलर मागतोय.

पळा तिथून. ॲडमिशन दुसऱ्याच्या हातात असताना हा गॅरंटी कसली देतो? शिवाय अशा क्लासची कामं लांबून ओळखू येतात, तोच काचेचा ग्लास, तोच चुरगळलेला कागद, सही तेवढी वेगळी. नॅशनल पोर्टफोलिओ डेला आर्ट कॉलेजांची माणसं स्वतः काम बघून सांगतात, फुकट, आणि ट्रान्सफरवालेही जाऊ शकतात.

एका प्रायव्हेट कॉलेजने स्कॉलरशिप दिलीय पण डिपॉझिट दोन आठवड्यांत मागतायत. कम्युनिटी कॉलेज सोडून देऊ का?

घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. आणि अशी कॉलेजं बंदही पडतात. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये डिग्री प्रोग्रॅम बंद केले. 'द आर्ट इन्स्टिट्यूट्स' या वेगळ्याच चेनची उरलीसुरली कॉलेजं २०२३ च्या सप्टेंबरअखेर एकदम बंद. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने तर २०२४ मध्ये बंद होतोय हे मुलांना जेमतेम आठवडाभर आधी सांगितलं. तेव्हा ॲक्रिडिटेशन (मान्यता) कोणाचं ते बघा, स्कॉलरशिप चारही वर्षं राहते का आणि कुठल्या जीपीएवर, ते लेखी मागा, आणि तो कागद फायनान्शिअल एड ऑफिसमधल्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

फिगर ड्रॉइंगच्या चारकोल शीट्सचे फोटो मोबाईलवर चालतील का?

चालतील, नीट काढलेस तर. शीट भिंतीला सपाट लाव, फोन तिच्या मधोमध समांतर धर, फ्लॅश बंद. दोन्ही बाजूंनी सारखे दिवे ४५ अंशात, नाहीतर ढगाळ दुपारी बाहेर. इझलची क्लिप आणि अंगठा कापून टाक, अंगठ्यासकट अपलोड केलेली कामं बघितलीत मी. काम झालं त्याच आठवड्यात फोटो काढ, कारण फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) न मारता शीट्स एकावर एक रचल्या की मधले टोन पुसतात आणि बरगडीखालची सावली नुसता राखाडी डाग होऊन बसते. न्यूजप्रिंट तर पिवळाच पडतो. फिक्सेटिव्ह मात्र घराबाहेर मार.

मुलगी एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, वीस पूर्ण झाली, पुढच्या वर्षी ट्रान्सफर. व्हिसाचं नंतर बघू असं यजमान म्हणतात.

एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो, ॲडमिशन लेटरची वाट बघत थांबत नाही. एफ-१ ला (विद्यार्थी व्हिसाला) बदलायला महिने लागतात. रेसिडेंट फी पुढे मिळेल का ते जाणार त्या कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा, व्हिसाचं इमिग्रेशन वकिलाला, याच महिन्यात. ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर तीही बरोबर न्या. आणि यजमानांनाही न्या.